ठावठिकाणा

बाबा जागा सांगायचा नाही.
डोल कुठे लावलीय, खुंट कुठे रोवलेत,
दिवाळ्यात कुणी विचारलंच तर पश्चिमेला हात हलवायचा,
म्हणजे अख्ख्या अरबी समुद्राकडेच.
परतताना कंदील पाटाखाली ठेवायचा,
मागच्या बोटीला आपली वाट दिसू नये म्हणून.

मी बेलापूरला, सातव्या मजल्यावर,
रात्रपाळीत जागा वाटते.

दर सहा तासांनी जहाज सांगतं, मी इथे आहे.
तेवढंच. आकडे, अक्षांश, रेखांश, वेळ ग्रिनिचची.
आधी ते आपल्या झेंड्याच्या देशाला कळवतं,
आणि झेंडा बहुतेक वेळा अशा देशाचा
जिथे ते जहाज जन्मात गेलेलं नसतं.
मग तो देश आम्हाला, आम्ही त्यांना,
मागितलं तर, एकेका जागेचं बिल लावून.
किनाऱ्यापासून हजार मैलांच्या आतलं मागता येतं.
बाबाला हे सांगितलं तेव्हा
पिंक टाकून म्हणाला,
"एवऱ्या लांबशी कोन इच्यारतंय?"

कोलंबोच्या टोकाला दिलरुक्षी असते.
तिला मी पाहिलेलं नाही.
तिचं इंग्रजी कोरडं, सुकवलेल्या जवळ्यासारखं हलकं.
कधी शेवटी लिहिते: इकडे वीज गेलीय, जनरेटरवर आहोत.
मी लिहिते: इकडे ओहोटी,
खिडकीतून खाडीचा चिखल दिसतोय.
हे कुठल्याच करारात बसत नाही,
कुणी त्याचं बिलही लावत नाही.

फेब्रुवारीत, पहाटे पावणेतीनला,
मिनिकॉयच्या पश्चिमेकडून हाक आली.
तुतिकोरिनचं लाकडी गलबत, कांदे घेऊन मालेला निघालेलं.
फळी उघडलीय. नऊ माणसं.
गलबतावर आमच्या ओळखीचं यंत्र नव्हतं,
पडद्यावर त्या जागी नुसतं निळं.
अशा वेळी बुडणाऱ्याला शोधत बसायचं नसतं,
आजूबाजूला कोण आहे ते विचारायचं.
मी विचारलं. माले, कोलंबो, पोर्ट लुईस, सिंगापूर.
नियमात एक ओळ आहे, मला ती पाठ झालीय:
शोध आणि बचावासाठी मागितलेल्या जागेचे
पैसे लागत नाहीत.

दिलरुक्षीचं उत्तर आधी आलं.
एकवीस मैलांवर कोळसा वाहणारं जहाज,
झेंडा मार्शल बेटांचा, कप्तान युक्रेनचा.
खाली तिनेच जोडलं होतं: त्यांना हाक मारलीय, वळतायत.
मग पंधरा पंधरा मिनिटांनी जागा येत राहिली,
फुकट,
आणि मी चहा न पिता
एका बाणाचं तोंड फिरताना बघत राहिले.

नऊपैकी आठ.
नवव्याचं नाव तिनेच कळवलं,
स्पेलिंग दोनदा तपासून.
सवरिमुत्तू, भंडारी, वय एकोणीस.
त्या रात्री जनरेटरचं काही लिहिलं नाही तिने.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर जाळं सांधत होता.
होडी विकून सहा वर्षं झाली, तरी सांधतो.
मी सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं,
"त्या पोराची जागा लिवलीस?"
लिहिली, म्हटलं.

बराच वेळ सुई चालू राहिली.
मग मान वर न करता बोलला,
"किल्ल्याचा बुरूज नि घारापुरीचा खांदा
येका रेघंत धरायचा. न्हाव्याचा दिवा पाठीला आला
का तयच माजा खुंट."
माझ्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा.
"आथा कोनाला बी द्ये. नुसता चिखोल हाय तय."

बुरुजापुढे आता बावीस मजले उभे आहेत,
ती रेघ कुठूनच धरता येणार नाही.
तरी मी लाईटबिलाच्या पाठीवर उतरवून घेतली,
त्याच्याच शब्दांत. अक्षांश त्यात नाहीत.

रात्री पाळीवर गेल्या गेल्या
कोलंबोला लिहिलं: इकडे भरती.
बऱ्याच वेळाने तिचं आलं: किती वाजता?
मी ग्रिनिचची वेळ दिली.